अडतीस घरं, धंदे शून्य

मोहन नगर, दुर्ग
३ सप्टेंबर १९८९

शीला,

वर ‘प्रिय’ लिहिलेलं नाही, ते विसरले म्हणून नव्हे.

चौदा महिन्यांपूर्वी तुझा प्रबंध मी एकसष्ट ठिकाणी लाल पेन्सिलीने दुरुस्त करून रजिस्टर्ड पोस्टाने परत केला. तेव्हापासून तू मला पत्र लिहिणं बंद केलंस. खुशाल कर. एकोणतीस वर्षं मी भिलाईच्या पोलाद प्लान्टच्या ऑफिसात स्टेनो होते. तुझ्या प्राध्यापकांहून मोठ्या हुद्द्याच्या साहेबांचं इंग्रजी मी सरळ केलं, आणि त्यांतल्या एकानेही अबोला धरला नाही. तो मान भावाच्या मुलीने, म्हणजे पहिलीपासून मॅट्रिकपर्यंत माझ्या घरात वाढलेल्या मुलीने मिळवला.

समेटासाठी लिहीत नाही. तुझ्या त्या प्रबंधामुळे एका बाईची बसायची जागा जाते आहे, आणि ते तुला पुण्यात बसून कळणार नाही म्हणून लिहिते.

भिलाईच्या कॅम्प-१ वस्तीच्या बाजारात चाळीस पक्के गाळे बांधून झाले. ते द्यायचे कोणाला? बाजार कार्यालयाला यादी हवी होती. आणि तू मोठ्या थाटात ‘छोटे व्यावसायिक आणि अल्पसंख्य समाज : भिलाईतील उद्यमशीलतेचा अभ्यास’ त्यांना सप्रेम भेट देऊन गेली होतीस. त्याच्या शेवटी जोडलेल्या यादीत नावं, पत्ते, धंदे, सगळं तयार. सिंधी आहेत, पंजाबी आहेत, तेलुगू आहेत, मल्याळी आहेत. त्यांनी तीच यादी प्रमाण धरली. यादीत नाव असेल तर गाळा, नसेल तर अतिक्रमण.

मराठी माणसांचं काय, ते तक्ता क्रमांक चारमध्ये आहे. तुला पाठ असेलच. ‘पाहणी केलेली कुटुंबे अडतीस, स्वतंत्र व्यवसाय शून्य. विदर्भातून आलेल्या या समाजात उद्यमशीलता नगण्य असून नोकरीच्या सुरक्षिततेकडे कल दिसतो.’

कल दिसतो! कोणाला दिसतो?

मथुरा आठवते? फकिराची बायको, भंडाऱ्याकडची. फकिरा प्लान्टमध्ये रोलिंग मिलवर आहे. ही बाई बारा वर्षं हातमोजे शिवते. कामगारांच्या जुन्या खाकी पँटी विकत घेते, उसवते, धुते, तळव्याला पोत्याचा तुकडा लावून दुहेरी शिवते. ठेकेदाराच्या मजुरांना ठेकेदार मोजे देत नाही, मग ते मथुरेकडून घेतात. शिफ्ट सुटायच्या वेळी दोन तास ती हिरालालच्या कापड दुकानाच्या कडेला ताडपत्रीखाली बसते. गल्लीतल्या तीन बायका तिच्या हाताखाली शिवतात. हा धंदा नाही तर काय भजनी मंडळ आहे?

तिला नोटीस आली आहे. १६ ऑक्टोबरला सुनावणी आहे, आणि यादीत नाव सापडलं नाही तर दुसऱ्या दिवशी ताडपत्री उचलणार. दुसरीकडे बसायला जागा नाही, कारण मजूर त्याच वाटेने जातात.

तुझी यादी चुकीची आहे असं पत्र तू बाजार कार्यालयाला पाठव. ताबडतोब.

नाइलाजाने तुझी,
आत्या


मोहन नगर, दुर्ग
१७ सप्टेंबर १९८९

शीला,

दोन आठवडे झाले, उत्तर नाही. पुण्यात पोस्ट ऑफिसं बंद झाली असतील तर तसं कळव.

काल मथुरेला घेऊन मी बाजार कार्यालयात गेले. केवलराम नावाचे अधिकारी आहेत, इथलेच, छत्तीसगढी. माणूस उद्धट नाही. त्याचाच राग येतो, कारण भांडताच येत नाही. त्यांनी मला खुर्ची दिली, मथुरेला दिली नाही. मी उभी राहिले. मग दुसरी खुर्ची आली.

“मैडम, मेरे पास क्या है? ये किताब है,” ते म्हणाले. तुझा प्रबंध त्यांच्या टेबलावर होता, पाठपोट चहाचे डाग पडलेला. “किताब कहती है कि मराठी लोग धंधा नहीं करते. अब आप कहती हैं करते हैं. मैं किसकी सुनूँ?”

“आँखें हैं आपकी?” मी विचारलं.

“आँखों से गाला अलॉट नहीं होता, मैडम.”

हिरालाल तिथेच त्याच्या कागदांसाठी आला होता. त्याला गाळा नंबर सात मिळाला आहे, म्हणून दातांची कवाडं मिटत नव्हती. “बहनजी, आपके लोग तो नौकरी वाले हैं,” मला म्हणाला. “महीने की पहली तारीख को राजा. ये दुकानदारी का झंझट हमारे नसीब में.”

मी त्याला म्हटलं, की मथुरा रीळ तुझ्याच दुकानातून घेते, ते काय उडवायच्या पतंगांसाठी? तो हसला. मथुरा मात्र हसली नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाली, “बाई, त्या सायबाचं बरोबरच हाये. कागदावर नाई म्हणजे नाई. आमी तरी कुठं सांगतलं?”

आता तुझ्या प्रश्नावलीतल्या प्रश्न क्रमांक सातबद्दल. ‘घरातील कोणी व्यक्ती नोकरीव्यतिरिक्त स्वतंत्र व्यवसाय करते काय?’ असा प्रश्न प्लान्टच्या कामगाराच्या घरात विचारतात का? घरात परवानगीशिवाय धंदा केला तर माणसाच्या नोकरीवर येतं, असा तिथे प्रत्येकाचा समज आहे. अशी नोटीस कोणाला आलेली मी एकोणतीस वर्षांत पाहिली नाही, पण भीतीला नोटीस लागत नाही. त्या गल्लीत हातात कागद घेतलेला माणूस शिरला की टोकाच्या घरची बाई ओरडते, “कागद आला वं!” आणि घराघरात शिलाई मशीनवर धुतलेली चादर पडते, वर पाण्याची कळशी, वाटीत दोन फुलं. मशीनचा देव्हारा होतो. पापडाचे पाट खाटेखाली जातात. सिंध्याच्या, पंजाब्याच्या घरात प्लान्टची नोकरी नाही, म्हणून तो छाती पुढे काढून सांगतो की माझी तीन दुकानं आहेत. आमची बाई म्हणते, काही नाही, घरीच असते. तू दोघांची उत्तरं एका तराजूत टाकलीस आणि एकाला उद्यमशील ठरवलंस, दुसऱ्याला नगण्य!

मथुरेच्या चादरीखालून पायडल दिसत होतं. काळं, मधोमध पायाने घासून पांढरं झालेलं. माणसाला दिसलं पाहिजे.

पत्र पाठव.

आत्या


मोहन नगर, दुर्ग
१ ऑक्टोबर १९८९

शीला,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी. माझ्या हाताखाली वाढलीस ते दिसतं.

तू लिहितेस : ‘आत्या, मला त्या महिन्यात कावीळ झाली होती. मराठी घरांत मी गेलेच नाही. अडतीसही फॉर्मांवर मुलाखत घेणाऱ्याची सही तुझी आहे. पायडल कोणाला दिसलं होतं?’

ठीक आहे.

मला दिसलं होतं. तू मोहन नगरात माझ्या पलंगावर उसाचा रस पीत पडली होतीस आणि मी तुझी फाइल घेऊन अकरा दिवस त्या गल्ल्या फिरले. सही माझीच आहे. माझी सही मी नाकारत नाही.

मथुरेच्या घरी फकिरा होता, कामावर निघायच्या कपड्यांत. मी प्रश्न सात वाचला. तो म्हणाला, “नाई जी, धंदा कायचा, थे घरीच रायते.” मथुरा चुलीपाशी पाठमोरी होती. तिने मान हलवली. मी ‘गृहिणी’ लिहिलं. पुढच्या घरीही गृहिणी, त्याच्या पुढच्याही. एका घरी तर शिवलेल्या मोज्यांच्या ढिगावर बसून मी चहा घेतला, वर सतरंजी होती इतकंच, आणि ‘गृहिणी’ लिहिलं.

मी त्या माणसांच्या पोटावर पाय द्यायचा होता का? खरं लिहिलं असतं आणि तो कागद फिरत फिरत फकिराच्या खात्यात गेला असता तर? मी ऑफिसात आयुष्य काढलं आहे, कागद कुठे कुठे जातात ते तुझ्याहून जास्त मला माहीत. मी त्यांना वाचवलं. तुझा तक्ता बिघडला असेल, त्याला माझा इलाज नाही.

तू पुढे लिहितेस की दुरुस्तीसाठी मुलाखत घेणाऱ्याचं सहीचं निवेदन आणि नव्याने भरलेले फॉर्म लागतील, आणि त्यानंतरही ‘प्राध्यापक काय म्हणतील सांगता येत नाही’. म्हणजे तुझ्या नव्या नोकरीवर येईल. सरळ लिही ना.

तरी फॉर्म पाठव. कोरे, अडतीस.

आत्या


मोहन नगर, दुर्ग
९ ऑक्टोबर १९८९

शीला,

फॉर्म मिळाले. मी पुन्हा फिरले. पहिल्यांदा मथुरेकडे.

गल्लीच्या टोकाला “कागद आला वं!” झालंच. मी तिथूनच ओरडले, “मीच आहे, चादरी राहू द्या!” माझा आवाज तुला ठाऊक आहे. दोन घरांतल्या कोंबड्या बाहेर आल्या.

फकिरा घरी होता. मी काय करायला आले आहे ते सांगितलं. त्याने दार पुढे लोटून घेतलं. मग म्हणाला, “बाई, उद्या नोकरीवर आलं तं तुमी भरून देसान का?”

मी म्हटलं, परवानगीचा अर्ज मी टाइप करून देते, तीन प्रतींत. कायदेशीर मार्ग आहे.

“कायदेशीर मार्गावर आमीच चालतो बाई, सायेब लोकं जीपनं जातात.”

तेवढ्यात मथुरा आतून आली. हातात कात्री होती. “तुमी चूप राहा जी,” ती त्याला म्हणाली. “बारा वरसं झाले, मशीन चालवून राहिली मी. तुमच्याच प्लान्टातले पोरं माह्या मोज्यानं गरम लोखंड धरतात. थे मोजे का झाडाले लागतात?”

“मी कुठं नाई म्हणलं?”

“मांगच्या वक्ती म्हणलं ना! या बाईच्या पुढ्यात म्हणलं. घरीच रायते म्हणे! घरी राहून राहिली असती तं घरावर पत्रे चढले असते का?”

फकिराने पायांकडे पाहिलं. मग मथुरा माझ्याकडे वळली.

“बाई, तुमाले त्या दिवशी मशीन दिसली होती ना?”

मी हो म्हटलं.

“मंग लिवलं कावून नाई?”

मी तुला जे लिहिलं होतं तेच तिला सांगितलं. फकिराची नोकरी, कागद कुठेही जातात, मी तुम्हाला वाचवलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “आमी तं भेवानं झाकली. तुमी कायच्या भेवानं झाकली?”

या प्रश्नाचं उत्तर मी तिला दिलं नाही. तुला देते, आणि एकदाच देते.

मला लाज वाटली. तुझे प्राध्यापक पुण्याचे. ते वाचतील की भिलाईतली मराठी माणसं काय करतात? तर जुन्या पँटी उसवून चिंध्यांचे मोजे शिवतात, खाटेखाली पापड ठेवतात. मला वाटलं, ‘गृहिणी’ बरं दिसतं. ऑफिसात पंजाबी, बंगाली, मद्रासी बायकांमध्ये मी एकटी मराठी होते. मराठी म्हणजे शिकलेले, नोकरीवाले, इस्त्रीचे, ही समजूत मी तिथे एकोणतीस वर्षं जपली. ती तुझ्या तक्त्यात जाऊ नये असं मला वाटलं नाही. उलट, जावी असं वाटलं.

आणखी एक आहे. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलींचे युनिफॉर्म माझ्या आईने शिवलेले होते. निळ्या प्लीट्सचे. त्या घडीची शिवण मी कुठेही ओळखली असती. प्रार्थनेला रांगेत उभी राहिले की पुढच्या मुलीच्या पाठीवर आईचा हात दिसायचा. सिस्टरनी एकदा सगळ्यांसमोर विचारलं, तुझी आई काय करते. मी उठून उभी राहिले आणि उत्तम इंग्रजीत सांगितलं की ती काहीच करत नाही. सिस्टर म्हणाल्या, बस. तुझ्या आजीला हे कधी कळलं नाही. तुझ्या वडिलांनाही नाही.

म्हणून तुझ्या प्रबंधात मी एकसष्ट चुका काढल्या आणि तक्ता चारचं पान उलटून पुढे गेले. त्यावर लाल खूण एकही नाही. तुझ्याकडे ती प्रत असेल तर पाहा.

आता मी रडत बसले आहे असं समजू नकोस. मी अडतीस घरं पुन्हा फिरले. अठरा बायकांनी धंदा सांगितला, नाव सांगितलं, सही केली, अंगठे पाच. सहा जणींनी धंदा सांगितला पण नाव नको म्हणाल्या. मी जबरदस्ती केली नाही. तेरा घरांत खरोखरच धंदा नाही. एकीने दार लावून घेतलं. फॉर्म सोबत आहेत. माझं निवेदन मी टाइप केलं आहे, त्यात ‘अनवधानाने’ असा शब्द नाही. मी समजून उमजून चुकीचं लिहिलं, असंच आहे. एक प्रत मी स्वतः केवलराम साहेबांना देणार आहे.

तुझ्या नोकरीचं काय होईल ते मला माहीत नाही. मला त्याची काळजी आहे, पण मथुरेची सुनावणी त्यापेक्षा आधी आहे.

आत्या


मोहन नगर, दुर्ग
१९ ऑक्टोबर १९८९

शीला,

तू हे काय केलंस?

सोळा तारखेला सकाळी मी, मथुरा आणि गल्लीतल्या आठ बायका बाजार कार्यालयात गेलो. फकिरा येणार नाही असं मथुरेने गृहीत धरलं होतं. त्याची रात्रपाळी होती. हिरालाल आला, मी बोलावलं नव्हतं तरी. “बहनजी,” मला म्हणाला, “सात नंबर मिल गया तो क्या, पड़ोसी तो मुझे भी चुनना है.”

मी माझं निवेदन टेबलावर ठेवलं. केवलराम साहेबांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

“मैडम, आप लिखती हैं कि पिछली बार आपने जान-बूझकर झूठ भरा.”

“जी हाँ.”

“तो इस बार सच भरा, ये मैं कैसे मानूँ?”

प्रश्न चांगला होता. मी त्यांच्या जागी असते तर तोच विचारला असता. मी म्हटलं, माझ्यावर मानू नका, या बायकांना विचारा. त्यांनी मथुरेकडे पाहिलं. “धंधा करती हो?”

शीला, त्या बाईने बारा वर्षांत हा प्रश्न किती वेळा टाळला असेल! ती उभी राहिली. “करती हूँ साहब. हाथमोजा सीती हूँ. तीन औरत मेरे पास काम करती है.” मग मराठीत पुढे म्हणाली, “आन चांगले शिवतो.”

हिरालाल मध्येच बोलला, “बारह साल से धागा मेरे यहाँ से जाता है, साहब. लिखने वाले ने नहीं लिखा तो धागा क्या हवा में गया?”

“पति?” साहेबांनी विचारलं. “प्लान्ट में हैं? उनको मालूम है?”

“मालूम है,” दारातून आवाज आला. फकिरा होता. रात्रपाळी करून थेट आलेला, अंगावर तोच शर्ट, डोळे लाल. त्याने आपलं नाव सांगितलं आणि न विचारता टोकन नंबर सांगितला, खातं सांगितलं. “लिख लो साहब. परवानगी का अर्जी कल दे दिया है.” मी टाइप केलेला अर्ज चार दिवस खिशात फिरवून त्याने शेवटी दिला, हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. उत्तर अजून आलेलं नाही. येईल तेव्हा येईल.

मग केवलराम साहेबांनी खणातून एक लिफाफा काढला. पुण्याचा. तुझं अक्षर मी दोन हात अंतरावरून ओळखलं.

त्यांनी मोठ्याने वाचलं. ‘तक्ता क्रमांक चारमधील सर्व नोंदींची जबाबदारी संशोधक या नात्याने माझी आहे. मुलाखत घेणाऱ्या व्यक्तीचा यात कोणताही दोष नाही. मूळ यादी रद्द समजून सोबतची सुधारित यादी ग्राह्य धरावी. विद्यापीठालाही मी तसे कळवले आहे.’ खाली तुझी सही, आणि हुद्दा. अजून हुद्दा आहे, हे वाचून मला बरं वाटलं, तेवढं एक.

साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. एक माझा, एक तुझा. “मैडम, बीस साल से सरकारी नौकरी में हूँ,” ते म्हणाले. “गलती का मालिक ढूँढ़ते ढूँढ़ते आदमी रिटायर हो जाता है. आज पहली बार एक गलती के दो-दो मालिक देख रहा हूँ.” खोलीतले सगळे हसले. मथुरा हसली. फकिराही हसला. मी हसले नाही.

मथुरेला गाळा मिळाला. नंबर एकतीस, हिरालालच्या ओळीत नाही, पण मजुरांच्या वाटेवर आहे. पावती तिच्या नावाची. गाळा हवा असलेल्या आणखी चौघींची नावं यादीत चढली, त्यांना पुढच्या खेपेला. बाहेर आल्यावर फकिरा मला म्हणाला, “बाई, नोकरी गेली तं मी बी मोजेच उसवीन.” मथुरा म्हणाली, “तुमाले कोण ठेवते कामावर? टाके सरळ येत नाई तुमचे.”

आता तुझ्याशी.

कोणी सांगितलं होतं तुला? मी माझी चूक सही करून, तीन प्रतींत, तारीख घालून दिली होती. तू ती मधल्या मध्ये उचलून आपल्या नावावर केलीस. आजारी पोरीने म्हाताऱ्या आत्याला पाठीशी घालावं, हे दिसायला फार छान आहे, आणि मला ते चालणार नाही. ‘कोणताही दोष नाही’ म्हणे! दोष आहे. पुरेपूर आहे. अकरा दिवस पायी फिरून, एकेका घरात बसून, स्वतःच्या अक्षरात केलेला आहे.

विद्यापीठाला दुसरं पत्र जाईल. तू लिहिलं नाहीस तर मी लिहीन, आणि माझं इंग्रजी तुझ्यापेक्षा चांगलं आहे. त्यात स्पष्ट असेल की मराठी घरांतल्या नोंदी वसुंधरा देशकर या बाईने समजून उमजून खोट्या भरल्या. पूर्ण नाव. आद्याक्षरं नाहीत. सिस्टरांसमोर उभं राहून मी जे बोलले ते माझ्या आईच्या हयातीत मागे घेतलं नाही. हे तरी मला मागे घेऊ दे. यात तू मध्ये पडू नकोस. तू कितीही मोठी झालीस तरी माझी चूक तुला मिळणार नाही.

दिवाळीला दहा दिवस आहेत. येणार असशील तर गाडी कळव. मी दुर्ग स्टेशनवर येईन. भांडण प्लॅटफॉर्मवर सुरू करायचं की घरी पोचून चहा झाल्यावर, एवढं तू ठरव.

आत्या